जुनी इन्व्हर्टर बॅटरी भंगारात विकणाऱ्यालाही दंड हवा का?

धातुवाला: हवाच. 150 एएचची ट्युब्युलर बॅटरी भरलेली असताना साधारण 55 किलो भरते, त्यात ॲसिडच 20 किलोच्या आसपास. भंगारवाला सुक्या वजनावर भाव लावतो, म्हणजे पहिलं काम बॅटरी गटारावर उलटी करणं. मग पेटी फोडायची आणि आतल्या शिशाच्या प्लेटा उघड्या भट्टीत. शिसं 327 अंशांना वितळतं, त्यामुळे जाळी आणि टर्मिनल झटकन सुटतात. पण प्लेटांवरच्या लगद्यातलं सल्फेट मोडायला कोळसा आणि 1000 अंशांच्या आसपास ताव लागतो. तो मिळत नाही, म्हणून बरंचसं शिसं मळीत, म्हणजे भट्टीतल्या गाळात, राहतं आणि मळी शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर पडते. सेनेगलमध्ये डकारजवळच्या थियारॉय-सुर-मेरला याच धंद्यापायी 2007-08 मध्ये शिशाच्या विषबाधेने 18 मुलं दगावली.

काउंटरवरून: दंड गिऱ्हाइकाला? 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी मुख्य भार उत्पादकावर टाकलाय. गिऱ्हाईक भाव बघणारच. भंगारवाल्याला ना धुरातली धूळ अडवणारा बॅग फिल्टर, ना ॲसिडवर प्रक्रिया. त्याला जास्त भाव परवडतो. आणि एक्सचेंजमधला माल मागच्या दाराने त्याच टेम्पोत चढवणारे दुकानदारही आहेतच की. त्यापेक्षा नव्या बॅटरीवर अनामत घ्या, जुनी आणली की परत करा. अनामत भंगाराच्या भावापेक्षा जास्त हवी, नाहीतर नुसता कागदी घोडा.

तिसरा_मजला: अनामत ठेवली तरी जिन्यावरून उतरवताना ओझं नको म्हणून लोक ॲसिड मोरीतच ओतणार. भरलेल्या बॅटरीलाच पूर्ण रक्कम, असा नियम करा. बॅटरी उभीच न्यायची, व्हेंट प्लग (वरची बुचं) घट्ट, टर्मिनलवर चिकटपट्टी. पेटी तडकली असेल तर प्लास्टिकच्या टबात. सांडलंच तर रबरी हातमोजे, चष्मा, आणि फेस थांबेपर्यंत खाण्याचा सोडा. मग पाणी मारलं की झालं.

धातुवाला: शेवटचं वाक्य सोडून सगळं मान्य. सोड्याने ॲसिड मरतं, शिसं नाही. तो चिखल खरवडून जाड पिशवीत भरायचा आणि बॅटरीबरोबरच द्यायचा. अनामतीलाही हरकत नाही, पण पावतीवर नोंदणीकृत रीसायकलरचं नाव हवं.

काउंटरवरून: चार बॅटऱ्यांसाठी रीसायकलर ट्रक पाठवत नाही हो. माल आधी ठोक व्यापाऱ्याच्या गोदामात जातो आणि छोट्या दुकानदाराची पावती तिथेच संपते. आत किती नग आले, बाहेर कुठे गेले, हे त्या गोदामाच्या दारात मोजा. तोवर गिऱ्हाइकाच्या दंडाला माझा विरोधच.