मदत हवी आहे : क्लॅरिनेटचे वरचे सूर चिरकतात

नमस्कार मंडळी. माझी बी-फ्लॅट क्लॅरिनेट, बोम सिस्टिमची (चाव्या-भोकांची एक रचना). खालचा भाग आणि रजिस्टर की (डाव्या अंगठ्याची, सूर वर नेणारी चावी) दाबल्यावर बाराव्या सुरावर जाणारा मधला भाग ठीक वाजतो. अडचण कागदावर लिहिलेल्या वरच्या सीच्या पुढे, म्हणजे तिसऱ्या रजिस्टरमध्ये (सर्वात वरच्या सुरांच्या पट्ट्यात).

उदाहरणार्थ सी शार्प. मधल्या भागातल्या ई सुराचीच बोटं ठेवून डावी तर्जनी उचलली की तो लागायला हवा. कधी लागतो, कधी चिरकतो, कधी नुसतीच फुंकर! डीला उजव्या करंगळीची ई-फ्लॅट की दाबली तर सूर जरा भरतो, पण एफपासून वर सगळंच चढं किंवा उतरलेलं. शेजारचे अजून बोलतात माझ्याशी, हे विशेष.

सध्या रीड (तोंडाकडची कंप पावणारी पट्टी) अडीच नंबरची आहे; नंबर जास्त तितकी ती कडक. तीनवर जावं, की आधी जिभेची जागा सुधारावी? कुणी म्हणतं जिभेचा मागचा भाग 'ई' हे अक्षर म्हणताना असतो तसा उंच हवा. पण तसं केलं की माझा जबडा आवळतो, रीड दबते आणि आवाज बंद. ओठ न चावता हे साधायचं कसं? तर्जनी पूर्ण उचलायची की नुसतं अर्धं भोक उघडायचं?

बँडमध्ये किंवा ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यांनी रोजचा रियाज कसा करता तेही सांगा.