पॅच काढता येईलच असं नाही

“पॅच (सिस्टिमवर टाकायची दुरुस्ती) बिघडलाच तर पॅचआरएम कमांडने काढून टाकायचा, त्यात काय” असं म्हणतात, ते सोलारिस १० या सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर अर्धंच खरं. पॅच टाकणारा पॅचअ‍ॅड जुन्या फायली व्हार या फोल्डरमध्ये जपून ठेवतो, म्हणून पॅच परत निघतो. हिंजवडीत आमच्या जुन्या सर्व्हरांवर व्हारचं पार्टिशन इतकं चिमुकलं होतं की जागा वाचवायला लोक सर्रास ‘वजा डी’ हा जुन्या फायली न जपण्याचा पर्याय लावून पॅच टाकायचे. मग जुन्या फायली राहतच नाहीत आणि पॅचआरएम हात वर करतो.

त्यापेक्षा लाइव्ह अपग्रेड बरं. त्यातल्या एलयूक्रिएट कमांडने चालू सिस्टिमची दुसरी प्रत करायची, पॅच तिच्यावर टाकायचे, सर्व्हर दिवसभर चालूच. शनिवारी रात्री फक्त एलयूअ‍ॅक्टिव्हेटने नवी प्रत निवडून मशीन परत उठवायचं. बिघडलं तर जुनी प्रत आहेच. मात्र ते उठवताना ‘रीबूट’ कमांड देऊ नका, ‘इनिट ६’ किंवा ‘शटडाउन’च द्या. प्रत बदलण्याचं काम बंद होतानाच्या स्क्रिप्ट करतात आणि रीबूट त्या चालवतच नाही. मशीन निमूट जुन्याच प्रतीवर उठतं आणि रात्री दोनला कुणीतरी बिचाऱ्या पॅचला शिव्या घालत बसतं.