अनुभव धागा: फोनची ऑपरेटिंग सिस्टीम वाढवलीत की जुनीच ठेवलीत?

गेले तीन आठवडे माझा फोन रोज रात्री एकच प्रश्न विचारतो आहे आणि मी रोज ‘नंतर’ हे उत्तर देतो आहे. फोन २०२२ सालचा आहे, त्यावर अँड्रॉइड १३ आहे आणि कंपनी १४ देऊ करते आहे. १२८ जीबीपैकी ११ जीबी जागा मोकळी आहे. फोन उत्तम चालतो, आणि उत्तम चालणाऱ्या यंत्राला उगाच पाना लावू नये, ही वडिलांची शिकवण मला स्कूटरपासून पाण्याच्या पंपापर्यंत उपयोगी पडलेली आहे. मात्र स्कूटरमध्ये माझे बँक खाते नव्हते, ते फोनमध्ये आहे.

अनुभव लिहिण्यापूर्वी एक फरक लक्षात घ्यावा. दर महिन्याला येणारी सुरक्षा दुरुस्ती वेगळी आणि वर्षातून एकदा येणारी नवी आवृत्ती वेगळी. २०१५ साली ‘स्टेजफ्राइट’ नावाची त्रुटी उघड झाली, तेव्हा नुसत्या आलेल्या एका एमएमएस संदेशातून फोनमध्ये शिरकाव करता येतो हे दिसले आणि त्यानंतर गूगलने मासिक सुरक्षा दुरुस्त्यांची पद्धत सुरू केली. त्या घ्याव्यात याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न आहे तो आवृत्ती बदलण्याचा. आपल्या फोनचे वय, कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर गेलात आणि परत फिरावेसे वाटले का, एवढे अवश्य लिहावे. तक्रार असल्यास कंपनीचे नाव घेऊ नये, कारण मग चर्चा फोनची न राहता पक्षांची होते.

निवृत्त लिपिक, मिरज

माझ्या बाबतीत हा निर्णय मी घेतलाच नाही, तो माझ्याविना घेतला गेला. २०१६ साली घेतलेला फोन अँड्रॉइड ६ वर आला आणि शेवटपर्यंत ६ वरच राहिला, कारण कंपनीने पुढची आवृत्ती दिलीच नाही. मला त्याचे काहीच वाटत नव्हते. फोन लागत होता, बोलता येत होते, नातवंडांचे फोटो दिसत होते. मग एके दिवशी बँकेच्या अ‍ॅपने ‘आपली आवृत्ती चालणार नाही’ असे सांगितले, त्यानंतर काही महिन्यांनी रेल्वे तिकिटाच्या अ‍ॅपनेही तेच सांगितले, आणि फोन धडधाकट असूनही एकेक खोली बंद होत गेलेल्या वाड्यासारखी त्याची अवस्था झाली. शेवटी हयातीचा दाखला घरबसल्या चेहरा दाखवून काढता येतो असे कळले, तेव्हा तेही या फोनवर जमेना, म्हणून मुलाने नवा घेऊन दिला. जुना फोन अजून पलंगाच्या उशाशी असतो आणि त्यावर आकाशवाणी ऐकतो.

गायिका, डोंबिवली

मी आयफोनवर तानपुऱ्याचे एक अ‍ॅप वापरत असे. पाच-सहा वर्षे त्यातला सूर माझ्या कानात इतका बसला होता की प्रत्यक्ष तानपुरा जुळवायचा कंटाळा आला, तर त्यावरच रियाज होई. २०१७ च्या सप्टेंबरात आयओएस ११, म्हणजे आयफोनच्या सिस्टीमची नवी आवृत्ती, आली आणि तिच्यावर जुन्या ३२ बिटी बांधणीची अ‍ॅप चालेनाशी झाली. त्याआधीच्या आवृत्तीवर हे अ‍ॅप उघडताना ‘निर्मात्याने यात सुधारणा करायला हवी’ अशी सूचना येत असे, ती मी प्रत्येक वेळी न वाचता बंद करत होते, तेव्हा दोष माझाच. अ‍ॅपच्या निर्मात्याने तोवर काम सोडून दिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला रियाजाला बसले, तेव्हा त्या चित्रावर बोट ठेवले की नुसती सूचना येत होती, सूर येत नव्हता. आता तीन नवी अ‍ॅप आहेत आणि तिन्ही त्याहून सरस आहेत असे विद्यार्थिनी म्हणतात, पण खर्जाच्या तारेची जी जव्हारी, म्हणजे तिचा तो गुंजणारा भरदार नाद, मला हवी आहे, ती त्यांतल्या एकाही अ‍ॅपमध्ये नाही. आवृत्ती बदलण्याआधी आपले रोजचे अ‍ॅप कोण सांभाळते आहे आणि त्याची शेवटची सुधारणा कधी झाली, हे मी तेव्हापासून पाहते.

एक नोकरदार, ठाणे

मी प्रत्येक आवृत्ती पहिल्याच दिवशी घेतो. दहा वर्षांत चार फोन झाले आणि काहीही बिघडले नाही. लोक एवढे का घाबरतात, हे मला खरोखर समजत नाही.

मधुमेही मुलाची आई, नाशिक

वरच्या प्रतिसादातला शेवटचा प्रश्न मीही एके काळी विचारला असता, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या मुलाला सातव्या वर्षी टाइप १ मधुमेह झाला. त्याच्या दंडावर साखर मोजणारा सेन्सर असतो. तो दर काही मिनिटांनी ब्लूटूथमार्फत फोनला आकडा पाठवतो आणि साखर ७० च्या खाली गेली की फोन मोठ्याने वाजतो. रात्री आम्ही दोघे झोपू शकतो ते त्या आवाजाच्या भरवशावर. दीड वर्षापूर्वी एका रात्री फोनने आपणहून नवी आवृत्ती चढवून घेतली. फोन पुन्हा सुरू झाला, पडदा नेहमीसारखा दिसत होता, गजरही लावलेला होता. पण नव्या आवृत्तीने बॅटरी वाचवण्यासाठी पार्श्वभूमीतल्या अ‍ॅपना झोपवण्याची व्यवस्था नव्याने लागू केली होती आणि सेन्सरचे अ‍ॅप त्यात झोपले होते. पहाटे मला सहज जाग आली, मुलाच्या कपाळाला हात लावला तर घामाने ओले. बोटातून रक्त काढून पाहिले, साखर ५८ होती. ग्लुकोजचे पाणी दिले, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, तो सावरला. फोन त्या वेळी शांतपणे चार्जिंगला लावलेला होता.

हा केवळ आमच्या घरचा योगायोग नव्हता, हे मला पुढे कळले. २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याच विषयावर सूचना काढली. फोनच्या सेटिंगमुळे, त्यात ऑपरेटिंग सिस्टीम बदलल्यानंतरच्या नव्या सेटिंगही आल्या, मधुमेहाच्या उपकरणांचे तातडीचे इशारे वाजत नाहीत, अशा तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. आपोआप अद्ययावत होण्याची सोय बंद ठेवावी, सेन्सरच्या कंपनीने ती आवृत्ती तपासली आहे का ते पाहावे, आणि आवृत्ती बदलली तर इशारे खरोखर वाजतात का याची खात्री करावी, असा त्या सूचनेचा आशय आहे.

आमच्या घरी आता पद्धत ठरलेली आहे. फोनच्या सेटिंगमधल्या ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ या एरवी लपलेल्या भागात जाऊन आपोआप अद्ययावत होणे बंद केले आहे. सेन्सर बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत नवी आवृत्ती येईपर्यंत थांबायचे, मग रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर ती चढवायची, दिवसभर मुलाला डोळ्यांसमोर ठेवायचे आणि इशाऱ्याची मर्यादा मुद्दाम वर नेऊन तो वाजतो का ते पाहायचे. कायमचे जुन्यावर राहणे हाही उपाय नाही, कारण सेन्सरचे अ‍ॅप स्वतःच जुन्या आवृत्त्या काही काळाने सोडून देते.

फोन दुरुस्ती करणारा, कोल्हापूर

मी अठरा वर्षे दुकान चालवतो. अपडेट केल्यावर फोन बिघडला, असे म्हणत जी गिऱ्हाइके येतात, त्यांच्या फोनमध्ये मला तीनच गोष्टी सहसा सापडतात. एक म्हणजे जागा गच्च भरलेली. स्वस्त फोनमधली साठवणुकीची चिप भरत आली की मंदावते आणि नव्या आवृत्तीला तर आणखी जागा लागते. दुसरी म्हणजे तीन-चार वर्षांची थकलेली किंवा फुगलेली बॅटरी. तिसरी गोष्ट म्हणजे घाई. नवी आवृत्ती चढल्यावर फोन आतल्या आत अ‍ॅप पुन्हा जुळवून घेतो, फोटोंची छाननी करतो आणि त्यामुळे दोन-तीन दिवस गरम होतो व बॅटरी लवकर उतरते. लोक पहिल्याच संध्याकाळी दुकानात येतात. मी त्यांना चार दिवसांनी या म्हणतो, आणि बरेचसे परत येत नाहीत. चहा मात्र पाजावा लागतो.

कंपनी मुद्दाम फोन मंद करते, असे प्रत्येक जण म्हणतो. या समजाला एक खरा आधार आहे. २०१७ च्या डिसेंबरात अ‍ॅपलने मान्य केले की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग सॉफ्टवेअरद्वारे कमी केला जातो, आणि फोन अचानक बंद पडू नये हे त्याचे कारण सांगितले. पुढे त्यांनी काही काळ बॅटरी स्वस्तात बदलून दिल्या. बॅटरी बदलली की तो फोन पुन्हा पूर्ववत पळायचा, हे मी स्वतः पाहिले आहे. म्हणून सांगतो, आवृत्तीला शिव्या देण्याआधी बॅटरी तपासून घ्या.

‘पुन्हा जुन्यावर आणून द्या’ ही मागणी मात्र करू नये. दुकानात सॉफ्टवेअर मारले की फोनमधले सगळे पुसले जाते, हे मी आधी दोनदा सांगतो आणि तरीही नंतर लग्नाचे फोटो मागायला लोक येतात. शिवाय आता बऱ्याच फोनमध्ये मागे जाण्याचे दार बंद असते. आयफोनची जुनी आवृत्ती अ‍ॅपलने प्रमाणित करणे थांबवले की ती चढतच नाही. गूगलनेही २०२२ साली आपल्या पिक्सेल ६ मालिकेच्या फोनना अँड्रॉइड १३ देताना, यानंतर १२ वर परतता येणार नाही, असे आधीच सांगितले होते. पुढे जाणे आपल्या हातात असते, मागे येणे नसते, असे समजूनच बटण दाबावे.

अंध शिक्षिका, पुणे

मी टॉकबॅकवर, म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या सोयीवर फोन वापरते. २०२१ पर्यंत फोनला बहुतेक सगळे इशारे एकाच बोटाने द्यावे लागत. बोट वर नेऊन कोनात उजवीकडे वळवायचे, अशा त्या खुणा दहातल्या तीन वेळा चुकत. अँड्रॉइड ११ आणि टॉकबॅकची ९.१ ही आवृत्ती एकत्र आल्यावर दोन-तीन बोटांचे इशारे चालू लागले, आणि ज्यांच्याकडे अँड्रॉइड १० होती त्यांना ते मिळाले नाहीत. त्या वर्षी मी आवृत्ती वाढवली नसती तर फार मोठ्या सोयीला मुकले असते.

याउलट दोन वर्षांपूर्वीच्या बदलात खालची तीन बटणे गेली, सेटिंगमधल्या ओळींचा क्रम बदलला आणि मराठी आवाज पुन्हा उतरवून घ्यावा लागला. डोळस माणूस अशा बदलांना ‘रंगरंगोटी’ म्हणतो आणि एका नजरेत मोकळा होतो. माझ्या दृष्टीने ते घरातले सामान रात्रीतून हलवण्यासारखे असते. बटणे परत आणण्याचे सेटिंग होते, पण ते शोधायलाही तीच नवी मांडणी पार करावी लागली, त्यात बारा दिवस गेले. आता परीक्षांच्या काळात मी काहीही बदलत नाही, मे महिन्याच्या सुट्टीत बदलते, आणि माझ्याआधी कोणा अंध मित्राने ती आवृत्ती वापरून पाहिलेली असेल याची काळजी घेते.

मुद्रितशोधक, सोलापूर

तरुण वाचकांना ठाऊक नसेल, पण २०११ साली घेतलेल्या माझ्या फोनवर मराठी मजकूर चौकोनांच्या रांगांसारखा दिसे. फोनची भाषा म्हणून मराठी निवडण्याची सोय अँड्रॉइडमध्ये आली ती २०१४ च्या अखेरीस, ५.० या आवृत्तीत. ती आवृत्ती ज्या दिवशी फोनवर आली त्या दिवशी मी पूर्ण फोन मराठीत केला. त्यानंतर आवृत्तीला नाही म्हणण्याचा धीर मला कधीच झाला नाही.

संगणक अभियंता, बंगळुरू

कंपनीने साथ सोडलेल्या फोनवर मी लिनिएजओएस ही अँड्रॉइडवर आधारलेली मोफत सिस्टीम चढवली. सायनोजेनमॉड ही तशीच आधीची सिस्टीम बंद झाल्यावर २०१६ च्या डिसेंबरात सुरू झालेला हा प्रकल्प स्वयंसेवक चालवतात. फोन अक्षरशः नवा झाला. पण त्यासाठी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना कोणती सिस्टीम चालू द्यायची हे ठरवणारा कुलूपबंद भाग, उघडावा लागतो आणि उघडा बूटलोडर दिसला की पैशांची बरीच अ‍ॅप चालायला नकार देतात. त्यामुळे माझ्या खिशात दोन फोन असतात, ज्याची घरी थट्टा होते आणि ती रास्त आहे.

गृहिणी, युट्रेख्ट, नेदरलँड्स

इकडे २० जून २०२५ पासून नवा युरोपीय नियम लागू झाला आहे. एखाद्या नमुन्याची विक्री कंपनीने थांबवल्यानंतरही किमान पाच वर्षे त्याला अद्ययावत करणे तिच्यावर बंधनकारक आहे. मिरजच्या काकांचा प्रतिसाद वाचून हा नियम आठवला. त्याआधीच पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ यांना सात वर्षांचे आश्वासन मिळाले होते, तेव्हा सासूबाईंसाठी भारतात फोन घेताना आम्ही कॅमेऱ्याआधी ‘किती वर्षे अपडेट मिळतील’ हे विचारले. दुकानदाराला ते माहीत नव्हते, त्याने आतल्या मुलाला हाक मारून विचारले.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. काल रात्री पहिले काम जागेचे केले. शुभ सकाळच्या चित्रांनी आणि लग्नांच्या चित्रफितींनी ३४ जीबी अडवले होते, ते हार्ड डिस्कवर हलवले. बँकेच्या आणि दोन कामाच्या अ‍ॅपची शेवटची सुधारणा पाहिली, तिन्ही गेल्या दोन महिन्यांतल्या आहेत. चौथे अ‍ॅप आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या हिशोबाचे आहे आणि ते २०२१ नंतर कोणी हातात घेतलेले दिसत नाही. संस्थेचा सचिव मीच आहे आणि वार्षिक सर्वसाधारण सभा पुढच्या रविवारी आहे, म्हणून त्यातला सर्व हिशोब आज कागदावर छापून घेतो आहे. कोल्हापूरच्या दुकानदारांना एक विचारायचे आहे: बॅटरी सव्वातीन वर्षांची आहे आणि संध्याकाळपर्यंत जेमतेम पुरते, तर ती आधी बदलावी की आवृत्ती चढवून चार दिवस पाहावे?