एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल सापडत नाही (चूक माझीच, पण आता काय करू?)

कीबोर्डवरची_धूळ
आधी कबुली. सी ड्राइव्ह भरत आला आणि लाल झाला म्हणून एकाच नावाच्या फाइल शोधून देणारा प्रोग्रॅम चालवला. सिस्टम३२ आणि सिसवॉव६४ या फोल्डरांत त्याच त्या नावांच्या ढीगभर डीएलएल (प्रोग्रॅमना चालायला लागणाऱ्या कोडच्या फाइल)! म्हटलं, दोन-दोन कशाला? सिस्टम३२ मधल्या उडवल्या. काही उडेनात, त्या सोडल्या. रिसायकल बिनही रिकामा केला, कारण मी नीटनेटकी आहे ना.

आता फोटो एडिटर उघडला की एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल सापडत नाही, अशी पाटी. एडिटर काढून परत टाकला, तीच पाटी. मग एका साइटवरून तेवढी एक फाइल उतरवून एडिटरच्या फोल्डरात ठेवली, तर पाटी बदलली: एरर ०एक्ससी०००००७बी. एसएफसी स्कॅननाऊ (विंडोजची तपासणी करणारी आज्ञा) चालवलं, ते म्हणतं सगळं ठीक आहे. कुठलं ठीक? विंडोज १०, ६४ बिट.

रात्रपाळी
फॉरमॅट मारा, सुटाल.

जुना_माउस
फॉरमॅट कशाला, रात्रपाळी? ताई, थांबा.

त्या फाइल जुळ्या नव्हत्या, फक्त नावं सारखी. ६४ बिट विंडोजमध्ये सिस्टम३२ मध्ये ६४ बिटच्या डीएलएल असतात आणि सिसवॉव६४ मध्ये ३२ बिटच्या. हो, नावं उलटी वाटतात. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून ती तशीच ठेवली आहेत, आणि आपण सगळे एकदा तरी फसतो.

एसएफसी खोटं बोलत नाही. ते विंडोजच्या स्वतःच्या फाइल तपासतं. तुमची फाइल व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबलची, म्हणजे बऱ्याच प्रोग्रॅमना लागणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या फाइलींच्या संचाची; तो वेगळा बसवावा लागतो. उडेनात त्या विंडोजच्या असणार, त्यांना राखण असते. हिला नाही.

सेटिंग्जमध्ये ॲप्सच्या यादीत मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस २०१५-२०२२ शोधा. एक्स६४ (६४ बिट) आणि एक्स८६ (३२ बिट) अशा दोन नोंदी दिसतील. एक्स६४ निवडून मॉडिफाय, मग रिपेअर. एक्स८६ लाही करा, बिघडत काही नाही. यादीत नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घ्या. सुट्ट्या डीएलएल वाटणाऱ्या साइटवर पुन्हा पाय ठेवू नका, त्या फाइलमध्ये काय भरलंय कुणाला ठाऊक.

कीबोर्डवरची_धूळ
दोन्ही रिपेअर केले, रीस्टार्टही केला. तरी ०एक्ससी०००००७बी! शिवाय व्हीसीरनटाइम१४०_१.डीएलएल सिस्टम३२ मध्ये परत आली, पण सिसवॉव६४ मध्ये नाही. तीही मीच मारली का?

जुना_माउस
नाही, त्या खुनातून तुम्ही सुटलात. ती फक्त ६४ बिटचीच असते.

उतरवलेली फाइल एडिटरच्या फोल्डरातून काढलीत का? प्रोग्रॅम आधी स्वतःच्या फोल्डरात बघतो, तिथे मिळाली की सिस्टम३२ पर्यंत जातच नाही. तुमचा एडिटर ६४ बिटचा आणि ती फाइल ३२ बिटची असावी. हा एरर बहुधा त्याच भांडणाचा असतो.

कीबोर्डवरची_धूळ
तीच होती. काढली आणि एडिटर उघडला! अँटिव्हायरसचा पूर्ण स्कॅन लावलाय, आतापर्यंत काही निघालं नाही. सी ड्राइव्ह मात्र अजून लालच आहे. त्या डीएलएल उडवून वाचले होते किती, तर काही एमबी.

रात्रपाळी
डाउनलोड्स फोल्डर बघितलात का कधी?