मदत हवी आहे: पोकरमध्ये बबलवर १४ ब्लाइंड उरले असताना ऑल-इन (सगळ्या चिप्स लावणं) कधी?

गोव्यातली लाइव्ह टुर्नामेंट, री-एन्ट्री बंद झालेली. २८ खेळाडू उरले होते, बक्षीस २७ जणांना, म्हणजे बबल: आणखी एक बाद झाला की बाकी सगळे बक्षिसात. सर्वात खालचं बक्षीस प्रवेश फीच्या दुप्पट, खरी रक्कम पहिल्या तिघांत.

ब्लाइंड (दोघांच्या सक्तीच्या पैजा, स्मॉल आणि बिग) २,०००-४,०००, अँटी (त्यावरची जादा सक्तीची पैज) ४,०००. माझ्याकडे ५६,०००, म्हणजे १४ बिग ब्लाइंड. मी बटणावर (डीलरची जागा, मागे फक्त दोन ब्लाइंड), माझ्याआधी सगळ्यांनी पानं टाकलेली. हातात बदाम एक्का, किलवर अठ्ठी. स्मॉल ब्लाइंडकडे साधारण २५ ब्लाइंड. बिग ब्लाइंडवर चिप लीडर, ६० च्या वर आणि कॉल करायला हात सैल! शेजारच्या टेबलावर दोघांकडे प्रत्येकी ३-४ ब्लाइंडच.

नॅश पुश-फोल्ड तक्ता (कमी चिप्स असताना कोणत्या पानांवर ऑल-इन, कोणती टाकायची) पाठ आहे. त्यानुसार हा सरळ ऑल-इन. मधले १०,००० नुसते उचलले तरी स्टॅक (माझ्या चिप्स) जवळजवळ १८ टक्क्यांनी वाढतो. पण तो तक्ता फक्त चिप्स मोजतो, बक्षिसाची पायरी नाही. मी पानं टाकली, आणि तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे. (निकाल मुद्दाम सांगत नाही, नाहीतर सगळे त्यावरूनच शहाणपण शिकवतील.)

घरी आयसीएम (चिप्सचं बक्षिसाच्या पैशात मोल काढणारा हिशोब) कॅल्क्युलेटरवर पाहिलं, पण माझा नऊच खेळाडूंचे स्टॅक घेतो, इथे २८. टेबलावर हात चालू असताना फोन काढता येत नाही, त्यामुळे ॲप सुचवू नका.

मनातल्या मनात करता येईल असा हिशोब हवाय: मागे चिप लीडर आणि दुसरीकडे दोन मरतुकडे स्टॅक असताना बटणावरची नॅश रेंज (ऑल-इनच्या हातांची यादी) किती आवळायची, आणि एक्का-अठ्ठी त्यात उरते का?