खोडावर दिसेनासे होणारे किडे : तुम्ही कसे ओळखलेत?

झाडाच्या सालीत मिसळून गेलेला किडा एकदा नजरेला पडला की लगेच पुढचा प्रश्न येतो, हा नक्की कोण? रंगावरून शोधायला जावं तर रंग हीच त्याची लपायची युक्ती. म्हणून हा धागा. तुम्हाला खोडावर काय सापडलं, ते कशामुळे दिसलं आणि ओळख कशावरून पटली ते लिहा. फोटो नसला तरी चालेल.

सुरुवात मी करते. एका जुन्या खोडावर सालीची ढलपी सरकल्यासारखी वाटली. जवळ गेले तर ती भर्रकन वळसा घालून पलीकडे. मी पलीकडे गेले की ती अलीकडे! बराच वेळ न हलता उभी राहिले तेव्हा नीट बघायला मिळालं. चपटं अंग, त्रिकोणी डोकं, पुढचे पाय दुमडलेले. सालीवर राहणारा प्रार्थना कीटक. पानांवरचे त्याचे भाऊबंद बहुधा दबा धरून बसतात, हा मात्र खोडाभोवती पळतो. दक्षिण आशियातला हम्बर्टिएला काय किंवा मध्य-दक्षिण अमेरिकेतला लिटर्गुसा काय, सवय तीच. मला ओळख पटली ती या पळण्यावरून.

*

मी पतंगांचा वेडा. पंख सालीला इतके चिकटवून बसतात की कडेला सावलीसुद्धा पडत नाही. अशा वेळी मी डावी-उजवी बाजू ताडून बघतो. सालीची नक्षी दोन्हीकडे सारखी क्वचितच असते, पतंगाची असते. आणि तो खोडावर उतरत असेल तर नजर हलवू नका. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या कोरियातल्या एका अभ्यासात दिसलं की पतंग उतरल्यावर चालतात, अंग फिरवून घेतात, आणि शेवटी जिथे स्थिरावतात तिथे माणसाला ते शोधणं आणखी अवघड जातं. मी स्वतः हे पाहिलंय. फिरता फिरता पंखांवरच्या रेघा सालीच्या भेगांशी जुळल्या आणि समोरचा पतंग मला दिसेनासा झाला. फार सुंदर असतं ते.

*

आधी पाय मोजा! आठ असतील आणि मागे दोन लांब शेपट्यांसारखं काही असेल तर तो हर्सिलिया, म्हणजे कोळी. भक्ष्याभोवती गरागरा फिरून त्याला धाग्यांत गुंडाळतो.

*

माझ्या पतंगाचे पुढचे पंख अगदी राखाडी साल. मी पाऊल पुढे टाकलं आणि खालून भडक नारिंगी, काळ्या पट्ट्यांचे मागचे पंख उघडले. कॅटोकाला. मिटलेल्या पंखांवरून मला तरी त्याची ओळख पटली नसती.

*

फोटोसाठी एक सुचवते. टॉर्च समोरून मारू नका, खोडाला लागून तिरका धरा. किड्याचा उंचवटा, पाय, स्पर्शिका उठून दिसतात. एक फोटो वरून, एक बाजूने, आणि एक जरा लांबून, म्हणजे झाड कोणतं तेही कळतं.

*

फक्त खोडच बघू नका. मिरपूड शिंपडल्यासारखा दिसणारा बिस्टन बेट्युलारिया हा पतंग सगळ्यांना माहीत असतो, त्याचं काळं रूप मँचेस्टरमध्ये 1848 साली नोंदलं गेलं वगैरे. पण ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ मायकेल मजेरस यांनी 2001 ते 2007 या काळात केंब्रिजला केलेल्या निरीक्षणांत हे पतंग खोडापेक्षा फांद्यांवरच जास्त बसलेले आढळले. तेव्हापासून मी फांद्याही तपासतो आणि मला खूप काही सापडतं.

*

मेलेल्या झाडाची साल जिथे आपोआप सुटली आहे तिथे कडेने डोकावून बघा (ओढून काढू नका, त्यांचं घर जातं). मला तिथे अतिशय चपटे, मातकट किडे दिसले. ढेकणाच्या गणातले, अ‍ॅराडिडी कुळातले. यातले बहुतेक बुरशीवर जगतात, आणि सोंडेतल्या केसासारख्या बारीक सुया इतक्या लांब की डोक्यात वेटोळं करून ठेवलेल्या असतात. कुळापर्यंत मी पोचलो, पुढे जात ठरवायची तर काय बघावं? स्पर्शिकेचे चार भाग फोटोत स्वच्छ आलेत.