मालकाने नेमक्या कोणत्या अडचणीत स्वतः लक्ष घालावे?

कुपवाडकर (प्रश्न):

कुपवाड औद्योगिक वसाहतीत वडिलांनी उभारलेले मशीनिंगचे छोटे युनिट मी गेली 6 वर्षे सांभाळत आहे. कोल्हापूरच्या फाउंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगवर काम करून आम्ही पंप तयार करणाऱ्या कारखान्यांना भाग पुरवतो. 4 सीएनसी (संगणकावर चालणारी मशीन), 2 जुने लेथ आणि 22 कामगार एवढाच आमचा पसारा आहे.

मागच्या सोमवारी सकाळीच कूलंटचा (कापताना मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) पंप बंद पडला, गावच्या जत्रेसाठी एक टर्नर न सांगता रजेवर गेला, बँकेला स्टॉक स्टेटमेंट त्याच दिवशी हवे होते आणि एका ग्राहकाने बोअर (भागातले गोल भोक) मोठा आल्याची तक्रार करून पूर्ण लॉट परत पाठवण्याची भाषा सुरू केली. मी चारही ठिकाणी धावलो आणि रात्री घरी जाताना दिवस कारणी लागल्याचे समाधानही वाटले. दुसऱ्या दिवशी टेबल आवरताना कागदांच्या तळाशी एका नव्या भागाचे ड्रॉइंग सापडले. त्याचे कोटेशन 9 दिवस राहून गेले होते, आणि चौकशी केली तेव्हा ते काम दुसऱ्या युनिटला मिळाल्याचे कळले. त्या ड्रॉइंगसाठी मला कोणाचाही फोन आला नव्हता.

कामांची यादी करण्याचे उपाय कृपया सुचवू नयेत. डायरी करून झाली, मोबाईलचा गजरही लावून झाला. मोठे उद्योग चालवणारी माणसे शेकडो अडचणींतून स्वतः कशात लक्ष घालायचे हे कोणत्या कसोटीवर ठरवतात, आणि ती कसोटी माझ्यासारख्याला लागू पडते का, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

निवृत्त सुपरवायझर, मिरज:

कूलंटचा पंप बदलायला मालक कशाला लागतो? फोरमनने तो स्वतःच्या अधिकारात बदलला नाही, याचा अर्थ बहुधा असा की पूर्वी कधीतरी न विचारता खर्च केल्याबद्दल त्याला चारचौघांत बोलणी खावी लागली असतील. ठरावीक रकमेपर्यंत त्याला मोकळीक द्या, म्हणजे असे बिघाड तुमच्यापर्यंत येणारच नाहीत. रजेचेही तसेच.

बोअरची तक्रार मात्र वेगळ्या जातीची आहे. मी ज्या कारखान्यात 31 वर्षे काम केले, तेथे मापाची तक्रार दर दोन-तीन आठवड्यांनी येत असे. मालक ग्राहकाला फोन करून समजूत काढत, आम्ही लॉट निवडून चांगला माल पुन्हा पाठवत असू, आणि प्रश्न मिटला असे सर्वांनाच वाटे. एकदा मालकांनी फोन उचलण्याआधी तपासणीचे जुने कागद मागवले आणि स्वतः बसून तारखा लावल्या, तेव्हा बाद झालेले बहुतेक जॉब (मशीनवर केलेले भाग) सोमवारच्या पहिल्या शिफ्टचे निघाले. रविवारच्या सुट्टीत थंड पडलेले मशीन सुरू होताच ऑपरेटर उत्पादन काढू लागत असे, आणि स्पिंडल (मशीनचा फिरता दांडा) तापून स्थिरावेपर्यंत माप सरकत राही. सोमवारी आधी अर्धा तास मशीन रिकामे फिरवायचे, असा नियम झाला आणि तक्रारी थांबल्या. हे शोधणे आमच्यापैकी कोणालाही शक्य होते, पण उत्पादन थांबवून कागद चाळण्याची मुभा फक्त मालकांना होती. म्हणून पहिल्यांदा आलेली अडचण फोरमनने सोडवावी आणि तीच पुन्हा आली तर तिचे कारण मालकाने शोधावे, असे मी मानत आलो.

कारण शोधताना अडचण ओळखण्यातच चूक होऊ शकते, हेही ध्यानात ठेवा. 1910 मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर सुरुवातीला खपत नव्हता, कारण लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. नांगर कितीही सुबक ओतला असता, तरी तो समज ओतशाळेत बसून हटला नसता.

पेठेतला व्यापारी, सांगली:

सुपरवायझर साहेबांचे म्हणणे पटले, परंतु अडचण पुन्हा येण्याची वाट पाहणे प्रत्येक वेळी परवडत नाही. आमचे हळदीचे गोदाम नदीच्या बाजूला आहे. 2005 च्या पुरानंतर असे पाणी आपल्या हयातीत पुन्हा दिसणार नाही, असे घरात सगळेच म्हणत होते. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते त्याहून वर चढले. त्या वेळी मी टीव्ही, फोन आणि शेजाऱ्यांचे अंदाज यांत इतका गुंतलो होतो की पोती हलवायला टेम्पो मिळाला तेव्हा रस्ताच बंद झाला होता.

पुढे आम्ही भावांनी बसून एकदाच ठरवून टाकले की आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीला टेकले की वाद न घालता माल उचलायचा, 45 फुटांच्या धोका पातळीची वाट पाहायची नाही. टेम्पो आणि मिरजेतली जागा उन्हाळ्यातच बोलून ठेवतो. 2021 च्या जुलैमध्ये पाणी आले तेव्हा मी तापाने अंथरुणावर होतो, तरी माल वेळेत हलला. एका वर्षी पाणी वाढलेच नाही आणि भाडे फुकट गेले. तो खर्च मी विम्याच्या हप्त्यासारखा धरतो.

लेखापाल, सातारा:

दादा, तुमच्या सोमवारच्या अडचणींत थकलेल्या बिलांचा उल्लेखच नाही. येणी सगळी वेळेवर येत असतील तर उत्तम, पण माझ्याकडे हिशेब असलेल्या युनिटांमध्ये असे क्वचितच दिसते. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लघुउद्योगाचे पैसे करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत मिळायला हवेत, आणि उशीर झाल्यास चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे. तरीही मालक वसुलीचा फोन पुढे ढकलतात, कारण मोठ्या ग्राहकाकडे पैसे मागताना संकोच होतो. मशीन बिघडले की मात्र ते धावत सुटतात, कारण मशीनपाशी त्यांना आपण हुशार आहोत असे वाटते. स्पष्ट लिहिल्याबद्दल क्षमस्व, परंतु लक्ष कोठे द्यायचे हे पुष्कळदा अडचणीच्या वजनावर न ठरता मालकाच्या आवडीवर ठरते.

मोठ्या उद्योगाचे उदाहरण तुम्ही मागितले आहे. 1987 मध्ये अल्कोआ या अमेरिकी ॲल्युमिनियम कंपनीची सूत्रे घेतल्यावर पॉल ओनील यांनी नफ्याऐवजी कामगारांच्या सुरक्षिततेला अग्रक्रम दिला, तेव्हा गुंतवणूकदार चक्रावले होते. पण अपघात टाळायचा तर काम नेमके कसे चालते आणि कोठे चुकते हे शोधावेच लागते, आणि खालच्या कामगाराला दिसलेला धोका वरपर्यंत पोहोचावा लागतो. दहा दुखण्यांची मुळे जेथे एकत्र येतात, असा एक प्रश्न त्यांनी निवडला होता. 22 माणसांच्या युनिटातही असा एखादा सापडेल.

कुपवाडकर:

सर्वांचे आभार. ताई, येण्यांचा विषय मी मुद्दामच लिहिला नव्हता; सर्वांत मोठ्या ग्राहकाकडे 70 दिवसांचे बिल अडकले आहे आणि उद्या सकाळी पहिला फोन तेथेच करणार आहे.

काका, वर्षभरात परत आलेल्या 6 लॉटच्या तारखा लावून पाहिल्या. सोमवारचा काही संबंध निघाला नाही, पण 5 लॉट दिवाळीनंतरचे आहेत. दिवाळीत मी स्वस्त मिळाले म्हणून दुसऱ्या बनावटीचे इन्सर्ट (हत्याराला बसवायची, धातू कापणारी बदलती टोके) आणले होते. ते लवकर झिजतात, त्यामुळे ऑपरेटर थोड्या थोड्या जॉबनंतर ऑफसेट (झीज भरून काढायला मशीनमध्ये भरलेली मापाची दुरुस्ती) वाढवतो, आणि नवा इन्सर्ट बसवल्यावर ऑफसेट मागे घ्यायचा राहिला की बोअर मोठा येतो. हे आपण तेव्हाच सांगितले होते, असे फोरमन आज म्हणाला. मला ते आठवत नाही.